पुनर्रचना, सरमिसळ की अदलाबदल?

कोपॉलिमरवर (एकाहून जास्त जातीच्या घटकांची साखळी असलेल्या पॉलिमरवर) मराठीत लिहायला घेतलंय आणि एका शब्दावर अडकलेय: साखळ्या आपापसात तुकडे बदलतात त्या अभिक्रियेला काय म्हणायचं? बाटल्यांचं पीईटी आणि त्याचा भाऊबंद पीईएन (दोन्ही पॉलिएस्टर, दोन्हीत ग्लायकॉल, पण पीईटीत जोडीला टेरेफ्थॅलेट आणि पीईएनमध्ये नॅफ्थॅलेट) एकत्र वितळवून २८० अंशांच्या आसपास घोळत ठेवले की साखळ्या नुसत्या शेजारी शेजारी राहत नाहीत, एस्टरचे सांधे (साखळीतले घटक जोडणारे बंध) सुटतात आणि दुसऱ्याच साखळीच्या तुकड्याशी जुळतात, म्हणजे आधी लांब लांब ठोकळे (एकाच जातीचे सलग तुकडे) आणि वेळ दिला की पार कुठेही काहीही. मी 'पुनर्रचना' लिहिलं होतं, पण रसायनात पुनर्रचना म्हटलं की एकाच रेणूच्या आतली उलथापालथ डोळ्यासमोर येते. इथे तर दोन साखळ्या लागतात!

> (आलेलं उत्तर) मोगऱ्याचा एक गजरा, अबोलीचा एक. दोन्ही मधे कापून तुकडे उलटसुलट बांधले तर फुलं तेवढीच, गाठी तेवढ्याच, फक्त कोणाशेजारी कोण ते बदललं. मला 'सरमिसळ' आवडेल, त्यात सर आहे आणि मिसळही. आणि हे मोजता पण येतं बरं का, एनएमआरमध्ये (अणूच्या शेजारी कोण आहे ते दाखवणाऱ्या चुंबकीय तपासणीत) ग्लायकॉलचा सिग्नल दोन्ही बाजूला कोण आहे त्यावर सरकतो. निम्मंनिम्मं मिश्रण असेल तर सुरुवातीला मधलं, म्हणजे एका बाजूला टेरेफ्थॅलेट आणि दुसऱ्या बाजूला नॅफ्थॅलेटवालं शिखर नसतंच, आणि पूर्ण सरमिसळ झाली की तीन शिखरं २५:५०:२५. क्रम किती विस्कटला ते सांगणारा 'बी' नावाचा आकडा ० वरून १ वर येतो तो यावरूनच.

गजरा एकदम पटला, तो उचलणार. पण सरमिसळ नको वाटतंय, कारण हे उलटंही जातं. काही कोपॉलिएस्टर वितळणबिंदूच्या जरा खाली बराच वेळ ठेवले की एका जातीचे तुकडे स्फटिकात जाऊन बसतात, तिथे ते अदलाबदलीच्या हाताला लागत नाहीत, बाकीच्यांची मात्र चालूच राहते, आणि विस्कटलेल्या क्रमातून परत ठोकळे तयार होतात! त्याला सरमिसळ कसं म्हणणार? अभिक्रिया तीच, निकाल बरोब्बर उलटा.

> हो मग 'अदलाबदल'च. वापरायलाही सोपं, पीबीटी (आणखी एक पॉलिएस्टर) आणि पॉलिकार्बोनेटच्या मिश्रणात टायटॅनियमचा उत्प्रेरक उरलेला असतो म्हणून त्याला निकामी करणारं फॉस्फाइट घालून 'अदलाबदल रोखतात' असं सरळ लिहिता येतं, 'सरमिसळ रोखतात' म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटेल मिक्सिंगच बंद केलं.

ठरलं, अभिक्रियेला अदलाबदल, आणि साखळीत जे दिसतं त्याला क्रमबदल. पुनर्रचना खोडतेय.