स्पॅनिशमधलं मे, ते, से नक्की कुठे लावायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी म्हापशाची, घरी बसून स्पॅनिश शिकतेय. मे लेवान्तो म्हणजे मी उठते, ते लेवान्तास म्हणजे तू उठतोस, मग से लेवान्ता, नोस लेवान्तामोस, इथपर्यंत पाठ झालंय. पण आमची आजी पोर्तुगीज शाळेत शिकलेली, ती 'लेवांतु-म' म्हणते, म्हणजे 'मी'वालं क्रियापदानंतर, आणि लहानपणापासून तेच कानात बसलंय त्यामुळे बोलताना सारखं उलटं होतं. त्यात 'मला उठायचंय' साठी एकदा किएरो लेवान्तार्मे वाचलं, एकदा मे किएरो लेवान्तार. दोन्ही चालतात की अर्थ बदलतो? आणि 'ऊठ' म्हणताना लेवान्ताते असं शेवटी जोडून, पण 'उठू नकोस'ला नो ते लेवान्तेस, परत आधी, असं का? पुढच्या महिन्यात परीक्षा आहे, कुणीतरी नीट समजावून सांगा ना प्लीज.