फिटची गोळी बदलायची आहे: लेव्हेटिरासिटम की लॅमोट्रिजिन?

लालबागकरीण: धाकटी बहीण २३ वर्षांची. कॉलेजात असताना फिट सुरू झाल्या, जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी (तरुण वयात सुरू होणारी, हातांना झटके देणारी फिट) असं निदान आहे. व्हॅल्प्रोएटवर मोठी फिट येत नाही. फक्त जागरण झालं की सकाळी हात उडतात, चहाचा कप सुटतो. आता स्थळं बघतोय, तर डॉक्टर म्हणतात गोळी बदलूया. आई म्हणते, चाललंय ते चालू द्या. काय करावं?

परळची_सून: ताई, डॉक्टरांचं ऐका. व्हॅल्प्रोएट या फिटवर गुणकारी आहेच, पण गरोदरपणी घेतली तर शंभरातल्या साधारण दहा बाळांत व्यंग निघतं, बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. बाळाचा कणा पहिल्या चार आठवड्यांतच घडतो, तोवर बाईला दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. म्हणून बदल आधीच हवा. पण गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकतं.

मी लेव्हेटिरासिटमवर आहे. डोस लवकर चढवता येतो, हात उडणंही थांबलं. पण सुरुवातीला भयंकर चिडचिड व्हायची, भाजी चिरताना रडू यायचं. डॉक्टरांनी डोस कमी केल्यावर निवळलं. बहिणीला आधी कधी नैराश्य आलं असेल तर ते नक्की सांगा.

गोळ्या_दादर: मेडिकल चालवतो. लॅमोट्रिजिन मनाला सहसा सोसते, पण आठवड्या-आठवड्यानेच चढवावी लागते. व्हॅल्प्रोएट चालू असताना तर आणखी सावकाश, कारण तिच्यामुळे रक्तातलं लॅमोट्रिजिन वाढतं. पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. काहींचे हात उडणं तिने वाढतंही. गर्भनिरोधक गोळ्यांनी आणि गरोदरपणात तिचा रक्तातला अंश घटतो, डोस पुन्हा बघावा लागतो. कार्बामाझेपिन ही फिटचीच दुसरी गोळी मात्र कुणी सुचवली तर बहिणीच्या आजाराचं निदान आठवणीने सांगा, या प्रकारात ती त्रास वाढवते.

लालबागकरीण: खूप आभार. हात उडण्याचं बघता लेव्हेटिरासिटमबद्दल विचारते. आणि मुलाकडच्यांना सांगायचं का? मावशी म्हणते, लपवा.

परळची_सून: सांगा. हिंदू विवाह कायद्यातली फिटची अट १९९९ मध्येच काढून टाकली आहे, त्यामुळे लग्नाला आडकाठी नाही. आणि सासरी गोळी लपूनछपून घ्यायची म्हटली की ती चुकणारच. आमच्याकडे पाहुणे असले तरी नवराच रात्री नऊला पाण्याचा ग्लास आणून ठेवतो. गरोदरपणासाठीचं फोलिक ॲसिड कधीपासून, किती, तेही याच भेटीत विचारून घ्या.