आईचे पाय सुजतात, खारं बंद केलं तर फरक पडेल का?

नमस्कार मंडळी. आम्ही वेंगुर्ल्याजवळचे. आई 68 वर्षांची, बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू. जून-जुलैत मासेमारी बंद, मग घरात खारा बांगडा, सुकट, लोणचं, सांडगी मिरची आणि रोज सोलकढी. याच दिवसांत संध्याकाळी तिचे घोटे सुजतात. अंगठ्याने दाबलं की खळगा पडतो, लवकर भरून येत नाही. सकाळी बरंच उतरलेलं असतं.

डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. आमटीतलं तिने खरंच कमी केलं. आता काही बोललं की, "मीठ खंय खातंय मी?" शेजारच्या काकींनी तर पाणीच कमी पी म्हणून सांगितलंय. हे मला अजिबात पटत नाही.

पाणी तोडून सूज उतरते का? आणि आधी काय बंद करू? सगळंच म्हटलं तर ती जेवणारच नाही, हे आत्ताच सांगते.

प्रतिसाद १:
पाणी तोडू नका. हृदय किंवा किडनीसाठी डॉक्टरांनीच मोजून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. पाणी धरून ठेवतं ते मिठातलं सोडियम. सलाईनच्या लिटरभर बाटलीत 9 ग्रॅम मीठ असतं, म्हणजे तेवढं मीठ अंगात साधारण लिटरभर पाणी धरून ठेवू शकतं, असा अंदाज करा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत सांगते, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा. त्यात लोणचं-पापडही आलं.

सुकट नि बोंबील बहुतेक ठिकाणी नुसते उन्हात वाळवतात, बांगडा मात्र मिठात मुरवलेला. आधी तोच बंद करा. भिजवून पाणी फेकलं तरी सगळं मीठ जात नाही. आणि सोलकढी आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची करता का? आगळ मिठावरच टिकतं.

प्रतिसाद २:
अ‍ॅम्लोडिपिननेही घोटे सुजतात, मीठ कितीही कमी करा. मनाने गोळी बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. 'लो सोडियम' मीठही विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते बाधतं. एकाच पायाला सूज आली किंवा दम लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

धागाकर्ती:
आभार. आगळ घरचंच आहे, बरणीच्या तळाला मीठ साचलेलं दिसतं! गोळीचं या आठवड्यात विचारते. बांगड्यावरून भांडण होणार, ते मी बघते. बिनमिठाची आमसुलं कुडाळच्या बाजारात मिळतात का कुठे?