प्रतिसाद: धरणाच्या पाण्यावर फॅलारोप
समुद्रावरचा फॅलारोप हा छोटा पाणपक्षी किनाऱ्यापासून इतक्या आत, धरणाच्या पाण्यावर कसा, असं विचारलंय. तो वाट चुकलेलाच असेल असं नाही. लाल मानेचा फॅलारोप आर्क्टिकच्या टुंड्रात वीण करतो, हिवाळा खुल्या समुद्रावर काढतो. मधला बराच प्रवास जमिनीवरून उडत होतो. पाऊस-वारा आडवा आला की दिसेल त्या पाण्यावर उतरायचं. म्हणून वादळ ओसरलं की पहाटेच जलाशय गाठावा, दुपारपर्यंत पाहुणे पसार झालेले असू शकतात.

पक्षी जेमतेम 18 सेंटिमीटरचा. बुचासारखा तरंगत जागच्या जागी गरागरा फिरतो. त्या गिरक्यांनी खालचं पाणी वर येतं, सोबत बारीक जीव. ते तो चोचीने पटापट टिपतो. बघत राहावं असं दृश्य!

बांधावरून मात्र फार काही हाती लागत नाही. पाणी हटून चिखल उघडा पडलेला उथळ भाग धरा, सूर्य पाठीशी ठेवा. वारकऱ्यांचा (म्हणजे कूट या काळ्या पाणपक्ष्यांचा) थवा असेल तर कंटाळा न करता एकेक पक्षी तपासा, त्यात दुसरेही पाहुणे असू शकतात. काळ्या मानेची टिबुकली (बुड्या मारणारा छोटा पाणपक्षी) हिवाळी पिसाऱ्यात साध्या टिबुकल्यांत सहज खपून जाते. लालभडक डोळा आणि किंचित वर वळलेली चोच दिसली की समजा तीच.