मदत हवी आहे: युगांडातल्या ८ हातपंपांच्या दुरुस्तीसाठी १४,००० पौंड कसे उभे करावेत?

लेस्टरकर

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये आमची एक छोटी नोंदणीकृत संस्था आहे. सीआयओ (ब्रिटनमधल्या धर्मादाय संस्थेचा एक कायदेशीर प्रकार), तीन वर्षं जुनी, पगारी माणूस एकही नाही, वार्षिक उत्पन्न १७-१८ हजार पौंड. काम पूर्व युगांडातल्या तेसो भागात, अमुरिया जिल्ह्यात. तिथली एक स्थानिक संस्था आमची भागीदार आहे. यंदा ८ बंद हातपंप सुरू करायचे आहेत.

सध्या पैसे येतात ते असे: गणेशोत्सवातला वडापावचा स्टॉल आणि शेजारची दानपेटी (पेटीत वर्षाला साधारण ३,२०० पौंड), एक स्पॉन्सर्ड वॉक, आणि ओळखीतल्या लोकांच्या देणग्या. गिफ्ट एडचा (देणगीवर ब्रिटिश सरकारकडून संस्थेला मिळणाऱ्या कराच्या रकमेचा) दावा आजवर केलेला नाही. अनुदान देणाऱ्या मोठ्या ट्रस्टांकडे ११ अर्ज केले, सगळीकडून नकार. त्यातल्या बहुतेकांनी कारणही दिलं नाही.

तीन प्रश्न:
१. आहे त्या देणगीदारांकडून आणखी काय मिळू शकतं?
२. ट्रस्टांच्या अर्जात नेमकं काय चुकत असावं? आम्ही 'नवीन बोअरवेल, ८ गावं, ३० हजार पौंड' असा अर्ज करत होतो. आता दुरुस्तीवर आलो आहोत.
३. पुण्या-नाशिकचे नातेवाईक पैसे द्यायला तयार आहेत. ते घ्यावेत का, कसे?

---

हिशेबनीस

नव्या लोकांच्या मागे लागण्याआधी गिफ्ट एड उरका. चॅरिटी कमिशनची (धर्मादाय संस्थांच्या सरकारी नियामकाची) नोंदणी वेगळी आणि एचएमआरसीची (ब्रिटनच्या कर खात्याची) वेगळी. दुसरी झाली नसेल तर आजच ऑनलाइन अर्ज टाका, तिचा संदर्भ क्रमांक आल्याशिवाय दावा करता येत नाही.

देणगीदार ब्रिटनमध्ये पुरेसा कर भरणारा असेल तर प्रत्येक पौंडावर २५ पेन्स मिळतात. देणगी ज्या हिशेबी वर्षात आली ते वर्ष संपल्यापासून ४ वर्षांपर्यंत दावा करता येतो, आणि देणगीदार आज सही करून मागच्या ४ वर्षांच्या देणग्याही घोषणापत्रात घेऊ शकतो. म्हणजे तुमचा तिन्ही वर्षांचा पैसा अजून हातात आहे. नियमित देणाऱ्यांना एकेक फॉर्म पाठवा. त्यावर संस्थेचं नाव, देणाऱ्याचं नाव-आडनाव, घरचा पत्ता (ऑफिसचा चालत नाही), कोणत्या देणग्यांसाठी आहे ते, आणि कर कमी पडला तर फरक आपण भरू याची जाणीव असल्याचं वाक्य हवं. एचएमआरसीचा नमुना जसाच्या तसा वापरा, स्वतःची भाषा नको.

दावा कुठे अडकतो ते सांगतो. त्यांची तक्त्याची फाइल ओडीएस प्रकारची असते. ती एक्सेलमध्ये उघडून सवयीने एक्सेलच्याच प्रकारात सेव्ह केली की पोर्टल घेत नाही. पोस्टकोड मोठ्या अक्षरांत आणि मध्ये एक मोकळी जागा सोडून लिहायचा. एका ओळीतला पोस्टकोड बिघडला तरी अख्खी फाइल परत येते.

आता दानपेटी. तिच्यासाठी छोट्या देणग्यांची वेगळी योजना आहे. ३० पौंड किंवा त्याहून कमी रोख किंवा कॉन्टॅक्टलेस देणगीवर घोषणापत्राशिवाय तेच २५ टक्के. वर्षाला ८,००० पौंडांपर्यंतच्या देणग्या यात बसतात. अट अशी की त्याच वर्षी साध्या गिफ्ट एडखाली निदान एक दशांश रकमेचा दावा झालेला हवा. तुमच्या ३,२०० च्या पेटीवर ८०० पौंड मिळतील, पण त्यासाठी ३२० पौंडांच्या देणग्या घोषणापत्रासह दाखवाव्या लागतील. इथे मुदत २ वर्षांचीच आहे, त्यामुळे सगळ्यात जुनं वर्ष आधी तपासा. पेटीतली रोकड ब्रिटनमधल्या बँकेत भरलेली हवी. क्यूआर कोडवरून ऑनलाइन आलेली देणगी या योजनेत धरत नाहीत.

आणि वडापावची विक्री म्हणजे देणगी नव्हे. त्यावर यातलं काहीच मिळत नाही. 'वडापाव मोफत, ५ पौंड देणगी द्या' अशी पाटी लावून विक्रीला देणगी म्हणू नका. ५ पौंड दिल्याशिवाय वडापाव मिळत नसेल तर ती विक्रीच. पेटी स्टॉलपासून चार हात लांब ठेवा, तिच्यावर क्रमांक आणि सील असू द्या, आणि दोन माणसांनी एकत्र मोजून कागदावर सही करा.

रॅफलच्या तिकिटावरही गिफ्ट एड नाही. कार्यक्रमातच तिकिटं विकून त्याच कार्यक्रमाचा भाग म्हणून सोडत काढली तर परवाना लागत नाही, मात्र विक्रीतून बक्षिसांवर ५०० आणि खर्चापोटी १०० पौंडांहून जास्त वळते करायचे नाहीत. तिकिटं आठवडाभर आधीपासून व्हॉट्सॅपवर विकायची असतील तर स्थानिक कौन्सिलकडे (नगरपालिकेकडे) छोटी लॉटरी म्हणून नोंदणी करावी लागते.

---

बोअरवाला

लेस्टरकर, दुरुस्तीवर आलात हे बरं झालं. पण दुरुस्तीचं कोटेशन इथे टाका. तेसोमधले पंप बहुतेक यू-२ असणार. यू-२ म्हणजे आपल्या इंडिया मार्क-२ चीच युगांडातली आवृत्ती. जालना आणि सोलापूरच्या मिशनवाल्यांनी दुष्काळी भागात बनवलेल्या पंपांवरून १९७० च्या दशकात हा पंप घडला. मराठवाड्यात ज्यांनी तो दांडा हाणला आहे त्यांना पंप ओळखता येईल, रोग मात्र वेगळा आहे.

---

लेस्टरकर

हो, यू-२ च आहेत. कोटेशन: एका पंपाला ६५० पौंड. ३६ मीटर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) पाइप, जीआय रॉड, नवीन सिलिंडर (खाली पाण्यात बसणारा, पाणी उचलणारा भाग), मजुरी. पाणी लालसर येतं अशी आठपैकी पाच गावांची तक्रार होती, मग पंपच बंद पडले.

---

बोअरवाला

हे कोटेशन मंजूर करू नका.

पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) ६.५ च्या खाली, म्हणजे पाणी आम्लधर्मी असेल तर जीआय पाइपवरचं जस्त झपाट्याने जातं, मग लोखंड गंजतं. आधी पाणी लाल, मग चव बिघडते, कपड्यांवर डाग पडतात. बायका पुन्हा दलदलीतल्या झऱ्याकडे वळतात. शेवटी आटे खाऊन पाइप तुटतो आणि सिलिंडरसकट बोअरमध्ये पडतो. त्यानंतर काढायला गळ टाकत बसा, नाहीतर बोअर सोडून द्या. तुमच्या पाच पंपांची हीच कथा दिसते. २०१६ मध्ये युगांडाच्या जल व पर्यावरण मंत्रालयाने हातपंपांना जीआय पाइप बसवायला मनाईच केली, तरी स्वस्त म्हणून ते कोटेशनात येत राहतात.

लोह जमिनीतलं की पाइपमधलं, हे ओळखायची साधी रीत आहे. रात्रभर पंप बंद ठेवा. पहाटे पहिल्या हाताचं पाणी एका बाटलीत घ्या, मग सलग तासभर पंप मारून दुसरी बाटली भरा. पहिली लाल आणि दुसरी स्वच्छ असेल तर दोष पाइपचा. दोन्ही सारख्या लाल असतील तर लोह खडकातूनच येतंय, आणि तिथे पाइप बदलून काही हाती लागणार नाही. ती जागा यादीतून काढा. बंद पंपांवर ही चाचणी पाइप वर काढण्याआधी जमणार नाही, म्हणून निदान पीएच मोजा आणि वर आलेल्या पाइपांचे फोटो घ्या. कोणत्या खोलीपासून गंज सुरू होतो ते त्यात दिसतं.

बसवायचं ते स्टेनलेस स्टील ३०४ चं, आणि पाइपाबरोबर रॉडही स्टेनलेसच. स्टेनलेस पाइपात जीआय रॉड टाकला की दोन धातूंच्या संपर्काने रॉड आणखी लवकर खलास. बाजारात हलक्या ग्रेडचा मालही '३०४' म्हणून खपवतात, आणि चुंबक लावून तो ओळखू येत नाही. कारखान्याचं प्रमाणपत्र आणि त्यावरचा बॅच क्रमांक मागा. खर्च पंपामागे ६५० वरून ११०० च्या आसपास जाईल, पण तीन वर्षांनी तेच पंप घेऊन पुन्हा देणगीदारांसमोर उभं राहावं लागणार नाही.

आणखी एक. मार्क-२ चा सिलिंडर पाइपापेक्षा रुंद असतो, त्यामुळे साधा वॉशर बदलायलाही सगळे पाइप वर काढावे लागतात. ३ मीटरचे १२ पाइप, आत रॉड, वर पाणी: जीआयचं हे ओझं दीडशे किलोच्या वर जातं. क्लॅम्प आणि लिफ्टिंग स्पॅनरचा संच हाताशी नसेल तर ८० पेन्सच्या वॉशरपायी पंप सहा महिने बंद राहतो. म्हणून अंदाजपत्रकात हत्यारांचा एक संच धराच. तो एखाद्या गावात न ठेवता सब-काउंटीच्या (जिल्ह्याखालच्या विभागाच्या) पंप मेकॅनिककडे सहीनिशी द्या.

---

अर्जाची_फाइल

तुमचे ११ नकार का आले असतील त्याचा अंदाज येतो. १७ हजार उत्पन्नाची संस्था ३० हजार मागते तेव्हा वाचणारा पुढचं पानही उलटत नाही. छोट्या कौटुंबिक ट्रस्टांकडे १,५०० ते ३,००० मागा आणि उरलेले कुठून येणार ते दाखवा.

ट्रस्ट निवडताना त्यांच्या वेबसाइटवरच्या गोड शब्दांवर जाऊ नका. चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीतून मागच्या तीन वर्षांचे हिशेब उतरवून घ्या. कोणाला किती दिले ही यादी बहुतेकदा शेवटच्या पानांवर सापडते. आफ्रिकेत, पाण्यासाठी, तुमच्याएवढ्या संस्थेला दिलेलं एकही अनुदान दिसत नसेल तर तो ट्रस्ट सोडा. 'न मागवलेले अर्ज स्वीकारत नाही' असं लिहिलं असेल तर तेही खरंच मानायचं. ग्रँटनॅव्ह हे मोफत शोधयंत्रही वापरा, तिथे अनुदानांची नोंद रकमेसह असते.

मग अंदाजपत्रक. बोअरवाल्यांच्या आकड्यात थोडी वाढ धरून १४,००० असं बसतं:

८ पंप × १,१५० = ९,२००
पाणी तपासणी (पीएच, लोह, जंतू) ८ × ४० = ३२०
पाणी समित्यांचं प्रशिक्षण ८ × १२० = ९६०
हत्यारांचा संच = ४५०
दोन वर्षं देखरेख, प्रवास = १,२००
अकस्मात खर्च १० टक्के = १,२१३
इथला खर्च (विमा, बँक, हिशेब) = ६५७

शेवटची ओळ लपवू नका. 'तुमचा प्रत्येक पेनी गावात जातो' म्हणणाऱ्या संस्थेला अनुभवी ट्रस्ट पहिला प्रश्न विचारतो, की मग विमा कोण भरतं?

लाभार्थ्यांचा आकडा ८ × ३०० असा छापू नका. एका बोअरमागे ३०० माणसं हा युगांडाचा सरकारी निकष आहे, तुमच्या गावांची मोजणी नव्हे. भागीदाराकडून घरांची यादी करून घ्या. पुढे मासिक पाणीपट्टी गोळा करायला समितीला तीच यादी लागेल. साधारणपणे घरामागे महिन्याला हजार ते दोन हजार शिलिंग ठरतात. अर्जात 'समिती देखभाल करेल' एवढंच लिहिलं तर कोणी विश्वास ठेवत नाही. पट्टी किती, कोण जमवतं, कुठल्या खात्यात, मेकॅनिकला एका फेरीचे किती, आणि सुगीआधी लोकांच्या हाती पैसा नसतो तेव्हा काय, हे पाच ओळींत लिहा. माझ्या मते अर्जाचा निकाल याच पाच ओळींवर लागतो.

भागीदाराचे कागदही जोडा. २०१६ च्या एनजीओ कायद्यानुसार युगांडात संस्थेला जिल्ह्याच्या समितीची शिफारस आणि स्थानिक सरकारशी करार लागतो. त्या कराराची प्रत आणि जिल्हा पाणी अधिकाऱ्याचं पत्र एवढं असलं तरी पुष्कळ.

तुमचे विश्वस्त किती आणि एकमेकांचे कोण? बँकेत सही कोणाच्या?

---

लेस्टरकर

विश्वस्त चार. त्यात एक जोडपं आणि त्यांचा भाऊ. सह्या जोडप्याच्या.

---

अर्जाची_फाइल

हे आधी बदला, अर्ज नंतर. नात्यात नसलेले दोन विश्वस्त आणा आणि दोन सह्यांपैकी एक घराबाहेरची असू द्या. बरेच ट्रस्ट हे पात्रतेच्या यादीतच तपासतात, आणि तिथे अडलेल्या अर्जाला कारण कळवायची पद्धत नाही.

ट्रस्टांचं उत्तर यायला सहा महिने सहज जातात. तोवर स्टँडिंग ऑर्डर (देणगीदाराच्या बँकेतून दरमहा आपोआप येणारी ठरावीक रक्कम) जमवा. २५ जणांनी महिना १० पौंड दिले तर वर्षाचे ३,००० आणि गिफ्ट एडचे ७५०. आवाहनात एक वाक्य न विसरता टाका: 'गरजेपेक्षा जास्त रक्कम जमल्यास ती त्याच भागातल्या इतर पाणीकामांसाठी वापरली जाईल.' ते नसेल तर जास्तीचे पैसे या ८ पंपांनाच बांधलेले राहतात.

---

हिशेबनीस

भारतातल्या पैशांबद्दल. माणसाला स्वतःच्या खात्यातून परदेशी संस्थेला देणगी पाठवता येते. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत (व्यक्तींना परदेशी पैसे पाठवायची मुभा देणाऱ्या) ती बसते, वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा. पण देणाऱ्याला देणगीवरची प्राप्तिकर सवलत (८०जी म्हणून ओळखली जाणारी) नाही आणि तुम्हाला त्यावर गिफ्ट एड नाही. २,००० रुपये पाठवायचे तर बँकेचे आकारच निम्मे खातील, त्यामुळे मोठी रक्कम एकदाच देणाऱ्यांपुरतंच हे ठेवा.

यातला हमखास सापळा असा, की पुण्याचे काका पैसे देतात, इथला भाचा ते आपल्या नावाने भरतो आणि गिफ्ट एडवर सही करतो. हा खोटा दावा आहे. घोषणापत्र स्वतःच्या पैशापुरतंच असतं. काकांच्या नावाने पावती करा आणि ती ओळ दाव्यातून वगळा.

पुण्यात वेगळा न्यास काढायचा विचार असेल तर सोडून द्या. भारतातल्या धर्मादाय न्यासाने भारताबाहेर खर्च केला की त्या रकमेवरची करमाफी साधारणपणे जाते, ती टिकवायची तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची खास मंजुरी लागते.

---

लेस्टरकर

सगळ्यांचे आभार. शेवटची शंका: पैसे तिकडे एकदम पाठवावेत का?

---

बोअरवाला

नाही. तीन हप्ते करा. पहिला ४० टक्के: पाइपांचं प्रमाणपत्र आणि तीन दुकानांची कोटेशनं आल्यावर. दुसरा ४० टक्के: पहिले चार पंप बसून पाण्याचे अहवाल आल्यावर. उरलेले २० टक्के सहा महिने पंप चालल्यावर. मात्र मजुरीचा पैसा यात अडकवू नका, मेकॅनिकला काम झाल्या दिवशी पैसे मिळाले पाहिजेत.

भागीदार संस्थेच्या बँक खात्यातच पाठवा, कोणाच्या वैयक्तिक मोबाइल मनीवर (फोन कंपनीच्या पैशांच्या खात्यावर) नको. मोबाइल मनीतून पैसे काढताना अर्धा टक्का सरकारी कर आणि वर कंपनीचा आकार जातो. शिवाय एचएमआरसीने विचारलं तर पैसा धर्मादाय कामालाच गेला हे तुम्हाला दाखवायचं आहे. फोटोत पंपाच्या ओट्यावर कोरलेला बोअरचा क्रमांक दिसलाच पाहिजे, नाहीतर एकाच पंपाचे आठ फोटो येतात.

आणि काम जानेवारी-फेब्रुवारीत लावा. कोरडा काळ असतो, गाडी गावापर्यंत पोचते, आणि पाणी खाली गेलेलं असल्यामुळे सिलिंडर किती खोल हवा तेही तेव्हाच कळतं.