मदत हवी आहे: ओटीच्या विद्यार्थ्यांना आईवडिलांशी बोलायला कसं शिकवावं?

सुरसागर_काठ

नमस्कार मंडळी,

आधी खुलासा. ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. ऑपरेशन थिएटर नव्हे, आणि खणानारळाची तर नव्हेच. बडोद्यात दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं लहान मुलांचं सेंटर आहे. दोन खोल्या, एक झोपाळा, चार मॅट. सेरेब्रल पाल्सीची (मेंदूला लहानपणीच इजा झाल्यानं हालचाल अडते ती), ऑटिझमची, सगळंच उशिरा करणारी अशी मुलं येतात. त्यांनी स्वतःच्या हातानं घास घ्यावा, शर्ट घालावा, पेन्सिल धरावी, खेळावं, हे आमचं काम.

यंदापासून एका कॉलेजचे विद्यार्थी सहा-सहा आठवडे माझ्याकडे शिकायला येतात. हुशार आहेत, स्प्लिंट (हातापायाला आधार देणारी पट्टी) माझ्यापेक्षा सफाईदार बनवतात. मूल समोर असलं की छान रमतात. पण आई बोलायला लागली की यांचं लक्ष वहीत.

एक प्रसंग सांगते. एका सहा वर्षांच्या मुलाला बटणं लावता येत नव्हती. विद्यार्थिनीनं बटणांच्या पाटीवर रोज सराव घेतला, पाचव्या आठवड्यात पोरगा पाचही बटणं लावू लागला. केस प्रेझेंटेशनमध्ये 'ध्येय साध्य' असं लिहून मोकळी झाली. मी आईला सहज विचारलं, तर ती म्हणाली, "बेन, घरी मीच लावते. पावणेसातला रिक्षा येते, सकाळी वेळ कुठे असतो?" सहा आठवड्यांत सकाळच्या रिक्षेची चौकशी कोणीच केली नव्हती. मग ठरलं की वरची चार आईनं लावायची, शेवटचं त्याचं. ते जमलं की शेवटची दोन. हे तंत्र विद्यार्थिनीला परीक्षेपुरतं तोंडपाठ होतं बरं का!

दुसरा प्रसंग मात्र अजून मनातून जात नाही. चार वर्षांचा मुलगा, सेरेब्रल पाल्सी, जीएमएफसीएसच्या, म्हणजे मूल कितपत हालचाल करू शकतं ते सांगणाऱ्या मापाच्या, पाच पातळ्यांपैकी चौथी. म्हणजे चाकाच्या खुर्चीची तयारी घरच्यांशी हळूहळू बोलायला हवी अशी केस. मी आत फोनवर होते. आईनं विद्यार्थ्याला विचारलं, "दीकरो सारो थई जशे ने?" (मुलगा बरा होईल ना?) तो म्हणाला, "हा हा, थई जशे, एक्सरसाइज चालू राखजो." (हो हो, होईल, व्यायाम चालू ठेवा.) महिन्याभरानं त्या बाईंनी मला विचारलं, अजून किती दिवस? पोराचा दोष काय, समोर रडवेली बाई, जीभ वळली तशी वळली. त्याच्यावर रागावणंही मला जमेना. पण तो दुसऱ्या पोस्टिंगला निघून गेला आणि ते 'थई जशे' निस्तरायला मी उरले.

तर प्रश्न असा. हे शिकवता येतं का? मी दोनदा रोल-प्ले घेतला. वर्गमैत्रीण आई होते आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला शहाण्यासारखं उत्तर देते. अशी आई मी एवढ्या वर्षांत पाहिली नाही. विद्यार्थ्यांना मुलांच्या घरी घेऊन जावं का? कोणी काही वेगळं केलंय का? पालकांनीही लिहा, प्लीज.

चिंचगुळी

फिजिओथेरपीच ना ही? माझ्या गुडघ्यासाठी काही सांगाल का?

सुरसागर_काठ

चिंचगुळी, नाही हो. खुलासा वाया गेला म्हणायचा. गुडघ्यासाठी वेगळा धागा काढा.

मास्तरीण५२

मुंबईत हेच शिकवते, म्हणून लिहिते. दुखणं जुनं आहे. आपल्याकडे हा विषय १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकरांनी सुरू केला. त्या अमेरिकेत जन्मलेल्या, मराठी घरात सून म्हणून आलेल्या. मला नेहमी वाटतं की त्यांना तरी लोकांचं बोलणं कान देऊन ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आमच्या विद्यार्थ्यांना भाषा येते, तिथेच घोळ होतो. समजलं असं गृहीत धरतात.

मी काय करते ते सांगते. पहिले दोन दिवस वही-पेन बंद. मूल घरच्यांच्या हातून खाताना बघायचं, फक्त बघायचं. डबा सेंटरवरच मागवा. कोण भरवतं, ताट कुठे, मुलाची मान कुठे, मोबाइल लावल्याशिवाय तोंड उघडतं का. संध्याकाळी पाहिलेलं तोंडी सांगायचं. पहिल्या दिवशी सगळे 'पुअर हेड कंट्रोल' (मान नीट सावरत नाही) म्हणतात. दुसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणतं, आजीचा हात दुखत होता. तिथून शिकवायला सुरुवात होते.

मग सीओपीएम, म्हणजे कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर. तुम्हाला माहीत असेलच, इतरांसाठी सांगते. १९९१ साली कॅनडात आलेलं साधन आहे. रोजच्या जगण्यात काय अडतं ते घरच्यांनी सांगायचं, प्रत्येक गोष्ट किती महत्त्वाची ते १ ते १० मध्ये. त्यातल्या जास्तीत जास्त पाच निवडायच्या आणि प्रत्येकीला दोन आकडे: आत्ता कितपत जमतं आणि त्यावर तुम्ही किती समाधानी. काही आठवड्यांनी पुन्हा विचारायचं, दोन आकड्यांचा फरक पडला तर दखल घेण्याजोगा. आकडे लिहून घेणं हे दुय्यम. विद्यार्थ्याला प्रश्न विचारून गप्प बसावं लागतं, ही खरी मेख आहे. मी तर घड्याळ लावते. दहा सेकंद बोलायचं नाही.

कोपऱ्यातला_स्टूल

मी या कोर्समधून बाहेर पडून बरीच वर्षं झाली. थोडं कडू बोलतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या जागतिक महासंघाचा किमान १००० तास प्रत्यक्ष कामाचा दंडक आहे, ते तास भरतात सगळे. पण मार्क कशाला? सांध्याचा कोन बरोबर मोजला का, टेस्ट बरोबर घेतली का. आईशी नीट बोलल्याचा अर्धा मार्क मला कोणी दिला नाही. पोरं मार्क बघून शिकतात, आपणही तेच केलं. तुमच्या हातात दहा मार्क असतील तर ते घरच्यांना देऊ द्या.

आणि घरी नेण्याबद्दल सांभाळून. पालक तुम्हाला नाही म्हणणार नाहीत, कारण मूल तुमच्या हातात आहे. तो होकार धरू नका. आणि पाच जणांचं टोळकं तर अजिबात नेऊ नका. दीड खोलीच्या घरात आईनं खुर्च्या कुठून आणायच्या?

पोहेजलेबी

मी इंदूरची. माझा मुलगा अकरा वर्षांचा, ऑटिझम. थेरपिस्ट नाही, तरी लिहिते, कारण तुम्ही पालकांना विचारलंत.

पहिली गोष्ट, आम्हाला 'मम्मी' म्हणू नका. सगळीकडे तेच. "मम्मी, इधर बैठो. मम्मी, फाइल दो." तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी मला मम्मी म्हणते तेव्हा मी तिच्या लेखी फाइल धरणारा हात असते. नऊ वर्षांत एकीनं नाव विचारलं. तिला मी घरातलं सगळं सांगितलं, अगदी सासूबाई गोळ्या लपवतात तेसुद्धा.

दुसरी, त्याचा जन्म कसा झाला हे दर सहा आठवड्यांनी नव्या मुलीला नव्यानं सांगायला लावू नका. तुमच्याकडे लिहिलेलं असतं ना? वाचून या, मग विचारा.

आणि 'बरा होईल का' याचं उत्तर. आम्ही ते सगळ्यांना विचारतो, रिक्षावाल्यालाही. मला त्याच नाव विचारणाऱ्या मुलीनं सांगितलं होतं, "ताई, मला अजून तेवढं कळत नाही. मी मॅडमना विचारते आणि सोमवारी आपण तिघी बसू." सोमवारी तिनं खरंच विषय काढला. उत्तर काही गोड नव्हतं. मी घरी जाऊन रडले, पण पुढच्या महिन्यात दुसऱ्या बाबांकडे गेले नाही.

जाता जाता, निरामय विम्याचं (ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी वगैरे असणाऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) मला तो सात वर्षांचा झाल्यावर कळलं, तेही दुसऱ्या एका आईकडून. एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचाही खर्च धरतात. विद्यार्थ्यांना हेही शिकवा, मॅटवर बसून फॉर्म भरता येतो.

कोपऱ्यातला_स्टूल

पोहेजलेबी, 'मम्मी'बद्दल दंडवत. मीही म्हणायचो.

सुरसागर_काठ

तीन आठवड्यांनी धागा वर काढते आहे. सगळ्यांचे आभार. जे केलं ते सांगते.

घरी नेणं रद्द केलं, स्टूलराव म्हणतात ते पटलं. एका विद्यार्थ्याला एकच कुटुंब दिलं. फाइल वाचल्याशिवाय भेट नाही. नाव विचारायचं आणि त्याच नावानं हाक मारायची. यावर एक मुलगी म्हणाली, "मॅम, मोठ्यांना नावानं कसं?" मग 'हंसाबेन', 'विद्याताई' असं चाललं.

आता गंमत. सात वर्षांचा एक मुलगा आहे, उजवी बाजू कमजोर. त्याचे वडील रोज हेल्मेट हातात घेऊन दाराशी उभे असतात. मलाही त्यांना कधी विचारायचं सुचलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. विद्यार्थ्यानं त्यांना विचारलं, याला काय करता यावंसं वाटतं? आणि दहा सेकंद गप्प बसला. ते म्हणाले, "उत्तरायणला माझी फिरकी धरली तरी पुरे. दरवर्षी शेजारचा पोरगा बोलवावा लागतो." (फिरकी म्हणजे तुमच्याकडची आसारी.) आकडे आले, जमतं २, समाधान १. विद्यार्थी माझ्याकडे येऊन हळूच विचारतो, "मॅम, हे ध्येय म्हणून लिहायचं का? मी 'ग्रास्प (पकड) सुधारणे' लिहिलंय." म्हटलं, फिरकीच लिही.

रिकामी फिरकी आणली, साधा दोरा, मांजा नाही. उजव्या दांड्याला सायकलच्या हँडलचं रबर चढवलं, म्हणजे जाड होऊन हातात बसेल. मुलगा भिंतीला टेकून उभा, वडील खोलीच्या दुसऱ्या टोकाला दोरा ओढतायत. पहिल्या दिवशी तीन वेळा फिरकी खाली पडली. काल उजव्या हातातून एकदाच सुटली, आणि बाप "ढील दे, ढील दे" म्हणून असा ओरडला की शेजारच्या खोलीतलं मूल रडायला लागलं. संक्रांतीला अजून नऊ दिवस आहेत.

'बरा होईल का' मात्र अजून अवघड जातंय. वाक्य पाठ करून म्हणतात ते कानाला कळतं. पोहेजलेबी, एक विनंती आहे. व्हिडिओ कॉलवर माझ्या चार विद्यार्थ्यांशी अर्धा तास बोलाल? सेंटर मानधन देईल, फुकट नको.

पोहेजलेबी

गुरुवारी साडेतीनला चालेल. चारला तो झोपाळ्यावर जातो, तोपर्यंतच हं. आणि त्या मुलांना सांगा, घाबरू नका, मी ओरडत नाही.

सुरसागर_काठ

गुरुवार, साडेतीन, पक्कं. हाक कोणत्या नावानं मारायची ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.