बँकेने खातं नाकारलं, कारणही सांगेना. काय करू?

शब्दखुणा
मंडळी, सल्ला हवाय. मी भाषांतरं करते, पैसे तीन-चार देशांतून येतात. त्यासाठी वेगळं खातं काढायला गेले. बारा दिवसांनी एका ओळीचं पत्र: "अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज स्वीकारता येत नाही." काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन थोडी वळवून घेतली नि म्हणाल्या, "वरून आलंय." कर्ज नव्हतं हो मागितलं! बँकेला हा अधिकार असावा तरी का?

माजी कॅशियर
ताई, फॉर्मवर व्यवसाय काय लिहिलात?

शब्दखुणा
"इतर." यादीत भाषांतरकार नव्हताच.

माजी कॅशियर
तिथेच गाडी अडली असणार. "इतर", त्यात परदेशातून किरकोळ रकमा, पाठवणारे दर वेळी वेगळे. तुमच्या खात्यावर बँकेला सुटणार चिल्लर, मनी लाँडरिंगच्या नियमांत चुकली तर दंड जबर. मग तपासत बसण्यापेक्षा नाही म्हटलेलं परवडतं. याला 'डी-रिस्किंग' म्हणतात. गंमत म्हणजे मनी लाँडरिंग रोखायचे मापदंड ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था एफएटीएफच सांगते की सरसकट गटच्या गट नाकारू नका, एकेक ग्राहक पाहा.

पुन्हा अर्ज करा. "इतर"च्या पुढे पेनाने "भाषांतर, परदेशी प्रकाशकांसाठी" लिहा, दोन करार आणि जुन्या खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट जोडा. तरी नाही म्हणाले तर तक्रार लेखीच करा, तोंडी नको.

उंटावरून
बँक खाजगी धंदा आहे. कुणाशी व्यवहार करायचा ते तिने ठरवावं.

जागल्या
उंटावरून, पगार, भाडं, वीजबिल सगळं खात्यातूनच जाणार असेल तर हे 'दुसरीकडे जा' कुठवर चालणार? फ्रान्समध्ये १९८४ पासून खात्याचा हक्क आहे: बँकेने नाकारलं तर तिथली मध्यवर्ती बँक एक बँक नेमून देते, तिला मूलभूत खातं उघडावंच लागतं. युरोपीय संघाने २०१४ मध्ये असा हक्क सगळ्या सदस्य देशांत आणला, पण तो व्यक्तींच्या घरगुती खात्यापुरता. माझं मत: नाकारा, पण कारण लिहून द्या.

ताई, तुमच्याबद्दल बँकेने काय नोंदवलंय तेही मागता येतं का पाहा. ब्रिटनमध्ये २०२३ साली राजकीय नेते नायजेल फराज यांनी तसंच केलं, तर खातं बंद करण्यामागे त्यांच्या राजकीय मतांचीही चर्चा झालेली निघाली.

माजी कॅशियर
कारण दरवेळी देता येत नाही, जागल्या. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल सरकारी यंत्रणेकडे गेला असेल तर ते ग्राहकाला सांगायला बँकेला कायद्यानेच बंदी असते. आम्हीही तेव्हा "वरून आलंय"च म्हणायचो.

शब्दखुणा
म्हणजे त्या बाईंवर उगाच चिडले. करार शोधतेय, एकावर सहीच नाहीये. चालेल का?

माजी कॅशियर
नाही. आधी सही मागवा.